फ्रीझर पुरेसा थंड होत नाही: बिघाड किती दिवसांनी परत येतो, तिथून शोध सुरू करा

आइस्क्रीम घट्ट राहत नाही, मटाराची पिशवी दाबली तर दबते, बर्फाला दोन-दोन दिवस लागतात. मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो. महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. ही तक्रार घराघरांत आहे, आणि तिचे मूळ बहुतेक वेळा गॅस भरण्याच्या घाईत असते.

फ्रीजमधला गॅस स्वयंपाकाच्या सिलिंडरासारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि कुठे गळती नसेल तर फ्रीजच्या आयुष्यभर पुरतो. त्यामुळे 'गॅस कमी झाला' याचा अर्थ 'कुठेतरी भोक आहे' एवढाच. भोक न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. शिवाय थंडावा कमी होण्याची निम्मीअधिक कारणे अशी आहेत, ज्यांचा गॅसशी काही संबंध नाही.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: फ्रीझर पूर्ववत झाल्यावर बिघाड परत यायला किती वेळ लागतो? काही तास, आठ-दहा दिवस, काही महिने, की दरवर्षी ठरावीक ऋतूत? या एका उत्तराने शोध निम्म्याने आटोपतो.

बिघाड आहे का, हे आधी मोजून ठरवा

हात लावून थंडी कळत नाही. तारेच्या टोकाला प्रोब असलेला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका, दोन गोठलेल्या पिशव्यांच्या मधे दाबून ठेवा आणि दार न उघडता बारा तास जाऊ द्या. हवेचे तापमान दार उघडले की लगेच बदलते, मालाचे तापमान बदलत नाही. साठवणुकीच्या फ्रीझरमध्ये उणे १८ अंश सेल्सियसच्या आसपास आकडा हवा. उणे १० ते उणे १२ वर बर्फ छान होतो, पण आइस्क्रीम मऊ पडते. त्यामुळे 'बर्फ होतोय म्हणजे फ्रीझर ठीक आहे' हा निष्कर्ष चुकीचा.

एक गोष्ट फारच कमी लोकांना माहीत असते. फ्रीझरच्या दारावर किंवा नेमप्लेटवर चांदण्यांची खूण असते. ती वीजबचतीच्या तारांकित लेबलापेक्षा वेगळी. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. एकदारी फ्रीजमधला वरचा छोटा खण एक किंवा दोन चांदण्यांचा असेल, तर त्यात आइस्क्रीम दगडासारखे होणार नाही, नवा फ्रीज असला तरी. तिथे दुरुस्तीवर पैसे घालवू नका.

दर उन्हाळ्यात येणारा त्रास

एप्रिल-मेमध्ये फ्रीझर ढिला पडतो आणि पाऊस सुरू झाला की आपोआप सुधारतो, असे असेल तर नळ्या कापण्याची गरज जवळपास कधीच नसते. आतली उष्णता बाहेर फेकायला वाव मिळत नाही, एवढेच घडत असते.

नेमप्लेटवर क्लायमेट क्लास लिहिलेला असतो. टी वर्गाचे यंत्र ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेले असते, एन वर्गाचे फक्त ३२ अंशांपर्यंत. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात फ्रीज शेगडीशेजारी किंवा पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकून असेल तर तो मर्यादेच्या पलीकडे राबतो. मागे चार इंच आणि वर व दोन्ही बाजूंना दोन इंच मोकळी जागा सोडा. फर्निचरच्या कपाटात बसवलेला फ्रीज असेल तर कपाटाच्या वरच्या बाजूला गरम हवा निघून जायला वाट हवी. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने तिची धूळ सहा महिन्यांतून एकदा झाडा. जाळी दिसत नसेल तर कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या, नळ्या बाजूच्या पत्र्याआड आहेत. त्या फ्रीजच्या बाजू गरम लागणे हे लक्षण चांगले आहे. त्यावर कापडी कव्हर किंवा पुठ्ठे मात्र नकोत.

उन्हाळ्यातच व्होल्टेजही पडते. गावाकडे एका ट्रान्सफॉर्मरवर शेतीपंप सुरू झाले की घरातला २३० चा आकडा १७० पर्यंत खाली येऊ शकतो. मल्टिमीटर फ्रीजच्याच सॉकेटला लावा आणि कॉम्प्रेसर (गॅस दाबून नळ्यांतून फिरवणारे यंत्र) सुरू होतानाच्या क्षणी वाचा, कारण सुरू होताना तो चालू असतानाच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो. बारीक तारेच्या एक्स्टेन्शनवर फ्रीज असेल तर तो तिथून काढून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या, कॉम्प्रेसरला सुरुवातीच्या क्षणी १८० च्या खाली व्होल्टेज मिळत असेल तर स्टॅबिलायझर घ्यावाच.

आणि मालाचा भार. मेमध्ये घरोघरी आमरस साठवला जातो. एक किलो रस ३० अंशांवरून उणे १८ ला न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते, त्यातली दोनतृतीयांश केवळ पाण्याचा बर्फ होताना. पाच किलो एकदम ठेवले की २,५०० किलोज्यूल. घरगुती फ्रीझरची मोकळी ताकद ४० ते ५० वॅट धरली तरी १४ ते १७ तास लागतात, आणि तेवढा वेळ आधीचा मालही सैल पडतो. नेमप्लेटवर 'फ्रीझिंग कपॅसिटी' म्हणून चोवीस तासांत किती किलो गोठेल ते दिलेले असते. तेवढाच माल एका वेळी ठेवा, सपाट पिशव्यांत, आणि आधी खालच्या कप्प्यात गार करून.

दाराचे रबर याच भागात तपासून टाका. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना दर वीतभर अंतरावर अडकून यायला हवी. जिथे सहज निसटते तिथून हवा शिरते. आतले तुषार (भुरभुरीत पांढरा बर्फ) दाराच्या एकाच कोपऱ्यात साचत असतील तर गुन्हेगार तोच कोपरा. गॅस्केटच्या (म्हणजे याच रबराच्या) घडीतली काळी घाण कोमट साबणाच्या पाण्याने काढा. रबर आकसले असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेले फडके दहा मिनिटे दाबून ठेवा, ते पुन्हा फुलते. पुढचे पाय अर्धा फेरा वर घेतले की दार स्वतःच्या वजनाने बंद होते. एवढे करून पाहा आणि मगच नवे गॅस्केट मागवा.

आठ-दहा दिवसांनी परत येणारा त्रास

सर्वांत जास्त चुकीचे निदान इथे होते. हा त्रास दोनदारी फ्रॉस्ट-फ्री फ्रीजचा.

या फ्रीजमध्ये थंड करणारी कॉईल सहसा एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लॅस्टिक पॅनेलच्या आड. पंखा तिच्यावरून हवा ओढून थोडी फ्रीझरमध्ये, थोडी खाली पाठवतो. हवेतल्या बाष्पाचे तुषार कॉईलवर बसतात. ते वितळवायला कॉईलखाली हीटर असतो. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, हीटर वीस-तीस मिनिटे चालतो, पाणी नळीने मागच्या ताटलीत उतरते आणि यंत्र पुन्हा थंड करायला लागते. हा क्रम तुटला की तुषारांचा थर वाढत जातो आणि शेवटी कॉईल बर्फाची भिंत बनते. पंखा फिरतो, पण हवा आरपार जात नाही.

लक्षणांचा क्रम ठरलेला असतो. आधी खालचा कप्पा गरम होतो, दूध नासते. फ्रीझर अजून ठीक वाटतो. मग पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर येते. शेवटी फ्रीझरही मऊ पडतो आणि मागच्या पॅनेलवर पांढरे तुषार दिसतात. कुणीतरी फ्रीज रात्रभर बंद ठेवून धुतो, सकाळपासून नव्यासारखा चालतो, आणि आठवड्या-दीड आठवड्यात पुन्हा तेच. गॅसचा दोष असता तर बंद ठेवल्याने तो बरा झाला नसता. हे एक वाक्य मेकॅनिकसमोर ठामपणे म्हणा.

आता सुटे भाग. जिथे प्लग लावायला सांगितले आहे ते सोडून सगळे तपास प्लग काढून.

जुन्या मॉडेलात यांत्रिक डीफ्रॉस्ट (बर्फ वितळवण्याचा) टायमर असतो. त्याच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून सावकाश फिरवा, 'टक' आवाज येईपर्यंत. मग प्लग लावा. कॉम्प्रेसर बंद राहिला आणि दहा मिनिटांत मागून बर्फ तडकण्याचे, पाणी ठिबकण्याचे आवाज आले, तर हीटर शाबूत आहे आणि टायमर अडकलेला आहे. काहीच झाले नाही तर दोष हीटरच्या साखळीत: हीटर, बायमेटल (थंडीने जुळणारा आणि उष्णतेने तुटणारा स्विच), थर्मल फ्यूज. तिन्ही एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एक तुटला तरी सगळे थांबते.

हीटरचा रेझिस्टन्स मोजा. २३० व्होल्टवर १५० वॅटच्या हीटरला सुमारे ३५० ओहम यायला हवेत, २०० वॅटच्याला सुमारे २६५. मीटर अनंत दाखवत असेल तर तार तुटलेली. थर्मल फ्यूज जवळपास शून्य दाखवायला हवा. तो उडालेला असेल तर दोन तारा पिळून 'डायरेक्ट' कधीही करू नका. हीटर अडकून राहिल्यास तो फ्यूजच प्लॅस्टिकला आगीपासून वाचवतो.

बायमेटलपाशी बहुतेकजण फसतात. खोलीच्या तापमानाला तो उघडा असतो, मीटर काहीच दाखवत नाही, आणि चांगला बायमेटल फेकला जातो. तो थंड झाल्यावरच जुळतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात दहा-पंधरा मिनिटे ठेवा. त्या थंडीत मीटरवर शून्याजवळ ओहम आले तर तो ठणठणीत आहे. इलेक्ट्रॉनिक मॉडेलात टायमरऐवजी बोर्ड आणि सेन्सर असतो. सेन्सरचा रेझिस्टन्स थंडीत वाढत जायला हवा. तो स्थिर राहिला तर सेन्सर बदला. बोर्डाला हात लावण्याआधी सेन्सर आणि त्याचे कनेक्टर पाहावेत, कारण बोर्ड महाग आणि दोषी क्वचित.

पॅनेल उघडलेच आहे तर कॉईलवरचा बर्फ कसा बसलाय ते नीट पाहा, फोटो काढा. संपूर्ण कॉईल पांढरीशुभ्र: डीफ्रॉस्टचा दोष, किंवा दारातून दमट हवा. कॉईल वरून स्वच्छ पण तळाशी काचेसारखा बर्फ: पाणी उतरण्याची नळी तुंबली आहे, सिरिंजने कोमट पाणी सोडून ती मोकळी करा, मागच्या ताटलीत पाणी पडेपर्यंत. फक्त सुरुवातीच्या एक-दोन वळणांवर तुषार आणि बाकी कॉईल कोरडी: इथे मात्र गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी (कॉईलमध्ये गॅस सोडणारी अतिबारीक नळी) अर्धवट तुंबली आहे. कॉईलवर तुषार आहेत पण फ्रीझरमध्ये वारा नाही: प्लग लावून दाराचे बटण बोटाने दाबून धरा, पंखा सुरू व्हायला हवा, नाही झाला तर बटण किंवा पंख्याची मोटार.

बर्फ वितळवायला दोन्ही दारे उघडी ठेवून चोवीस तास द्या. समोर टेबल फॅन लावला तर काम लवकर होते. वरवरचा बर्फ गेला म्हणजे आतला गेला असे नसते, त्यामुळे अर्ध्यावर सुरू करू नका.

एकदारी फ्रीजचे काम सोपे आहे: बर्फाचा थर पाव इंचापेक्षा जाड झाला की डीफ्रॉस्टचे बटण दाबा. सुरी, उलथने, स्क्रूड्रायव्हर लावू नका. तो खण पातळ अॅल्युमिनियमचा असतो आणि गॅसच्या वाटा त्या पत्र्यातच असतात. अडकलेला ट्रे उपटताना पडलेले टाचणीएवढे छिद्र म्हणजे अख्खा खण बदलणे.

काही तासांनी येणारा-जाणारा त्रास

सकाळी थंड, दुपारी गरम, रात्री पुन्हा थंड. याची मुख्य कारणे दोन.

कॉम्प्रेसरजवळ कान द्या. दर काही मिनिटांनी 'टक', क्षणभर गुरगुर, पुन्हा 'टक' असे होत असेल तर ओएलपी, म्हणजे जास्त भार आला की कॉम्प्रेसर तोडणारा संरक्षक स्विच, ट्रिप होतोय. आधी व्होल्टेज पाहा, मग रिले. प्लग काढून पीटीसी रिले (कॉम्प्रेसरला सुरुवातीचा जोर देणारा भाग) काढा आणि हलवा. आत खुळखुळ झाली तर चकती फुटली आहे, स्वस्तातला भाग आहे, बदला. रिले चांगला असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवर ओहम मोजा: तीन वाचनांपैकी सर्वांत मोठे हे बाकी दोहोंच्या बेरजेइतके यायला हवे, आणि कोणत्याही पिनेतून बॉडीला काहीच दाखवू नये. वीज गेल्यावर लगेच आली तर पीटीसीला निवायला वेळ मिळत नाही, म्हणून पाच मिनिटे थांबूनच फ्रीज सुरू करावा.

दुसरे कारण ओलाव्याचे चोकअप. आधीच्या दुरुस्तीत व्हॅक्यूम (पंपाने नळ्यांतली हवा आणि ओलावा ओढून काढणे) नीट न केल्याने नळ्यांत पाण्याचा अंश राहिला तर तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो आणि गॅस अडवतो. थंडी संपते, बर्फ वितळतो, गॅस पुन्हा वाहतो. कॉम्प्रेसर चालू असताना कॉईलकडून येणारी सळसळ अचानक थांबते, हीच खूण. गॅस भरल्यापासून हा त्रास सुरू झाला असेल तर ज्याने काम केले त्यालाच परत बोलवा. उपाय एकच: गॅस काढणे, नवा फिल्टर ड्रायर (ओलावा आणि कचरा अडवणारा भाग), पुन्हा व्यवस्थित व्हॅक्यूम.

काही महिन्यांनी परत येणारा त्रास

ही खरी गळती. कॉम्प्रेसर न थांबता चालतो, मागची किंवा बाजूची उष्णता जेमतेम लागते, कॉईलच्या सुरुवातीलाच तुषार. क्लॅम्प मीटरने प्रवाह मोजा. कॉम्प्रेसर स्थिर चालू लागल्यावर तो नेमप्लेटवरच्या आकड्याच्या निम्म्यावर असेल तर त्याला ओढायला गॅसच नाही, किंवा त्याचे व्हॉल्व्ह थकलेत.

गळतीच्या जागा ठरलेल्या. गॅसबरोबर तेलही झिरपते, त्यामुळे सांध्यावर धुळीचा तेलकट डाग दिसला तर तिथेच थांबा. फिल्टर ड्रायरजवळचे वेल्डिंग, कॉम्प्रेसरच्या नळ्या, एकदारीचा खण. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत स्टीलच्या कंडेन्सर नळ्या गंजून सच्छिद्र होतात. दाराच्या चौकटीत घाम येऊ नये म्हणून जी गरम नळी फिरवलेली असते, ती आतल्या आत गळत असेल तर उकरत बसू नये. ती वगळून बाहेर नवा कंडेन्सर बसवणे हा शहाणपणाचा मार्ग.

मेकॅनिकने काय करायला हवे ते माहीत असू द्या. कोरड्या नायट्रोजनने सुमारे १५० पीएसआय दाब, सांध्यांवर साबणाचा फेस, आणि दाब काही तास टिकतो का याची खात्री. ऑक्सिजनने दाब देणारा मेकॅनिक असेल तर काम तिथेच थांबवा. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन मिळून स्फोट होतो. त्यानंतर नवा फिल्टर ड्रायर, किमान अर्धा तास व्हॅक्यूम पंप, आणि नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम वजनकाट्यावर मोजून गॅस. गेज (दाबमापक) बघून अंदाजाने भरला आणि जास्त झाला तर कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या जाड नळीवर बाहेरच तुषार येतात आणि थंडावा उलट घटतो.

नव्या फ्रीजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन. कॉम्प्रेसरवर ज्वाळेचे पिवळे त्रिकोणी चिन्ह दिसेल. घरगुती फ्रीजमध्ये तो जेमतेम ३० ते ७० ग्रॅम असतो, त्यामुळे पाच ग्रॅमची चूकही जाणवते. तो पेट घेतो, म्हणून भरलेल्या नळीवर वेल्डिंगचा टॉर्च लावायचा नाही. नळी कटरने कापायची, गॅस खिडकीबाहेर सोडायचा, खोलीत शेगडी किंवा देवापुढचा दिवा पेटता नको. आणखी एक बारकावा: हा गॅस उणे ११.७ अंशांना उकळतो. त्यामुळे चालू फ्रीझरच्या कॉईलमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. कॉईलला छिद्र असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना गॅस बाहेर जाण्याऐवजी हवा आणि दमटपणा आत ओढला जातो. म्हणून आर-६००ए मध्ये वरून थोडा गॅस 'टॉप-अप' करणे हा उपाय होऊच शकत नाही. सगळे रिकामे करून नव्याने भरावे लागते.

हिवाळ्यातला उलटा त्रास

नाशिक-निफाडच्या थंडीत किंवा महाबळेश्वरला फ्रीझर मऊ पडतो, तसाच अमेरिका-कॅनडात गॅरेजमध्ये ठेवलेलाही. अनेक फ्रीजमध्ये थर्मोस्टॅट एकच आणि तोही खालच्या कप्प्यात असतो. खोलीच आठ-दहा अंशांवर आली की खालचा कप्पा आपोआप थंड राहतो, कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, आणि वर माल वितळतो. फ्रीज उबदार खोलीत हलवणे हाच उपाय.

दोनदारीत दोन नॉब असतील तर पुस्तिकेत पाहा: सहसा एक कॉम्प्रेसरची वेळ ठरवतो आणि दुसरा फक्त हवा वर किती, खाली किती याची वाटणी करतो. दोन्ही शेवटच्या आकड्यावर नेल्याने दोन्ही कप्पे जास्त थंड होत नाहीत.

दुरुस्तीनंतर फ्रीझर रिकामा चालवा. प्रोब मिठाच्या दाट पाण्याच्या छोट्या बाटलीत ठेवा आणि चोवीस तासांनी आकडा लिहा, मग दहाव्या दिवशी पुन्हा, मग महिन्याने. तारीख, तापमान आणि कॉम्प्रेसर चालू असतानाचे अँपिअर फ्रीजच्या मागे चिकटवलेल्या कागदावर राहू द्या. पुढचा मेकॅनिक कुणीही असो, त्याने गेज जोडण्याआधी तो कागद वाचला पाहिजे.